एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असताना: गोळी सुरू करण्यापासून बदलण्यापर्यंत

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, रोजच्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिवुडीन असेल, तर ती गोळी दोन विषाणूंवर राखण ठेवते. एचआयव्हीला ती आवरतेच; अंगात हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू असेल तर त्यालाही दाबून धरते. ही दुसरी राखण मात्र फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. फाइलवर एचआयव्ही ठळक लिहिलेलं असतं आणि हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट मागच्या पानांत कुठेतरी दडलेला असतो. मग कधीतरी गोळी बदलते, किंवा माणूस कंटाळून ती सोडून देतो. सगळे एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) पाहत राहतात आणि काही आठवड्यांनी डोळे पिवळे दिसू लागतात. असं होऊ नये म्हणून हे सगळं पायरी-पायरीने लिहितो आहे.

औषधांची नावं आणि डोस दिले आहेत ते आपल्या हातातली चिठ्ठी समजावी म्हणून. ते वाचून मनाने औषध सुरू किंवा बंद करू नका.

एकच औषध दोघांना कसं लागू पडतं

एचआयव्ही आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो. हिपॅटायटिस बीच्या विषाणूची जनुकं डीएनएची असतात, पण वाढताना तोही मध्ये आरएनएची पायरी घेतो आणि त्यावरून पुन्हा डीएनए तयार करतो. नक्कल करणारं विकर (एन्झाइम) दोघांचं सारख्या घडणीचं आहे. टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि एम्ट्रिसिटाबीन ही औषधं त्या विकराच्या कामातच अडकून बसतात, म्हणून ती दोन्हीकडे चालतात.

यकृताच्या पेशीच्या केंद्रकात हिपॅटायटिस बीचा विषाणू आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो. या गोळ्या त्या कड्यापर्यंत पोचत नाहीत. त्या नव्या प्रती निघू देत नाहीत, पण मूळ साचा जागेवरच राहतो. रक्तात विषाणू 'डिटेक्ट होत नाही' असा रिपोर्ट आला तरी गोळी का सोडायची नाही, याचं कारण हे आहे.

एचआयव्ही सोबत असला की हिपॅटायटिस बीचं बळ वाढतं. एरवी मोठेपणी लागण झालेल्या निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांचं शरीर हा विषाणू स्वतःच हटवतं. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर तो ठाण मांडून बसण्याची शक्यता कितीतरी वाढते. पुढे सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) आणि यकृताचा कॅन्सर यांचा धोकाही चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २७ लाख लोकांना दोन्ही आजार एकत्र आहेत.

पायरी १: रिपोर्टवरच्या ओळी वाचा

एचआयव्हीचं निदान झालेल्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बीची तपासणी व्हायलाच हवी, आणि शक्यतो एआरटी सुरू होण्याआधी. तीन नावं शोधा.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही तो पॉझिटिव्ह राहिला तर आजार दीर्घकालीन धरतात. अँटी-एचबीएस हे संरक्षण देणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे. ते १० किंवा त्याहून जास्त असेल तर लसीमुळे किंवा जुन्या लागणीमुळे संरक्षण मिळालेलं आहे. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली आहे. लसीने हे प्रतिपिंड तयार होत नाही.

फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह असा रिपोर्ट एचआयव्ही असलेल्यांत बऱ्यापैकी दिसतो. 'काही नाही' म्हणून तो बाजूला सारू नका. विषाणू कधीकधी फार कमी प्रमाणात लपलेला असतो आणि टेनोफोविर काढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर डोकं वर काढू शकतो.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या तपासण्या लागतात: एचबीव्ही डीएनए, म्हणजे हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड, एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृताच्या सुजेचे आकडे), बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेटसह सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, पोटाची सोनोग्राफी. हिपॅटायटिस सी आणि हिपॅटायटिस डी याही तपासून घ्या. डी फक्त बी असलेल्यांनाच होतो आणि या गोळ्यांना दाद देत नाही. तो राहून गेला तर पुढे 'औषध चालू असूनही यकृत का बिघडतंय' या कोड्यात महिने जातात. हिपॅटायटिस ए विरुद्ध संरक्षण नसेल तर त्याची लस घ्यावी.

एचबीव्ही डीएनएची सोय जवळ नसेल तर तेवढ्यासाठी एआरटी अडवून ठेवायची नाही. एचआयव्हीसाठी उपचार लगेच सुरू करायचे असतात, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो. मेंदूज्वरासारख्या काही गंभीर संसर्गांत डॉक्टर काही आठवडे थांबतात, तेवढाच अपवाद.

पायरी २: यकृत किती शिल्लक आहे ते पाहा

फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) होत असेल तर उत्तम. नसेल तर साध्या रक्ततपासणीतून एप्री नावाचा आकडा काढता येतो. समजा एसजीओटी ८० आहे, लॅबने वरची मर्यादा ४० दिली आहे आणि प्लेटलेट दीड लाख आहेत. आधी ८० ला ४० ने भागा: २ आले. त्याला १०० ने गुणा: २००. आता प्लेटलेटच्या आकड्यातली शेवटची तीन शून्यं काढा, म्हणजे १५०, आणि २०० ला १५० ने भागा. उत्तर १.३३.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या माणसांत हा आकडा ०.५ च्या वर गेला तर यकृतात लक्षणीय व्रण धरले असण्याची शक्यता मानतात, आणि १ च्या वर गेला तर सिऱ्हॉसिसची. फायब्रोस्कॅनमध्ये हेच टप्पे ७ आणि १२.५ किलोपास्कलचे आहेत.

या आकड्याचा दगा कुठे होतो तेही माहीत असू द्या. यकृताला नुकतीच सूज आली असेल तर एसजीओटी उसळलेला असतो आणि एप्री खोटाच चढतो. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीमुळे प्लेटलेट उतरतात, तेव्हाही तेच होतं. म्हणून सुरुवातीला जास्त आलेला आकडा धसका घेण्यासाठी नाही. उपचार बसल्यावर तो परत काढायचा.

पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी शौच, झोपेचं चक्र उलटणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही असेल तर यकृत कोलमडायच्या टप्प्यावर आहे. अशा वेळी औषधाची निवड यकृतरोगतज्ज्ञासोबतच व्हावी.

पायरी ३: गोळीत काय असायला हवं

नियम सोपा आहे. एचआयव्हीवर पूर्ण जोड हवी आणि तिच्यात हिपॅटायटिस बीवर चालणारी दोन औषधं हवीत. त्यातलं एक टेनोफोविर. दुसरं लॅमिवुडीन किंवा एम्ट्रिसिटाबीन.

सगळ्यात जास्त वापरात असलेली जोड म्हणजे टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल ३०० मिग्रॅ, लॅमिवुडीन ३०० मिग्रॅ आणि फक्त एचआयव्हीवर चालणारं डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. मूत्रपिंड किंवा हाडांची काळजी असेल तर टेनोफोविरचं दुसरं रूप, टेनोफोविर अलाफेनामाइड, दिलं जातं. इतर काही औषधांसोबत दिल्यास त्याचा डोस बदलतो, पण साधारण २५ मिग्रॅ असतो. नावात 'अलाफेनामाइड' आहे की 'डिसोप्रॉक्सिल' ते पाहा. मिलिग्रॅममध्ये मोठा फरक दिसला तरी ताकद कमी झालेली नसते.

फक्त लॅमिवुडीन का पुरत नाही? याचं उत्तर खूप लोकांच्या यकृतांनी दिलेलं आहे. लॅमिवुडीन १९९५ मध्ये एचआयव्हीसाठी आणि १९९८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी मंजूर झालं. टेनोफोविर त्या वेळी नव्हतं, म्हणून दोन्ही आजार असलेल्यांना हिपॅटायटिस बीसाठी एकट्या लॅमिवुडीनवर राहावं लागलं. चार वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांत विषाणू औषधाला जुमानेनासा झाला. टेनोफोविर वर्षानुवर्षं घेऊनही असं क्वचितच होतं.

उलट चूकही घडते: यकृतासाठी म्हणून फक्त हिपॅटायटिस बीचं औषध देणं. एन्टेकाविर सुरुवातीला एचआयव्हीवर चालत नाही असं समजलं जायचं. ते थोडंसं चालतं आणि एचआयव्हीला लॅमिवुडीनविरुद्ध तयार करतं, हे २००७ मध्ये समोर आलं. म्हणूनच हिपॅटायटिस बीचे उपचार सुरू करण्याआधी प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी झालीच पाहिजे. एचआयव्ही असलेल्याला एकटं टेनोफोविर किंवा एकटं एन्टेकाविर कधीच नको.

नेव्हिरॅपीन हे एचआयव्हीचं औषध यकृताला त्रासदायक ठरू शकतं. जुन्या चिठ्ठीत ते असेल तर डॉक्टरांना विचारा.

पायरी ४: पहिले तीन महिने

माणूस गोळी सोडतो तो बहुतेकदा याच काळात. उपचार सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होते आणि यकृतातल्या विषाणूबाधित पेशींवर तुटून पडते. एसजीपीटी एकदम चढतो. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत होतं, आणि सीडी४ फार कमी व हिपॅटायटिस बीचा लोड फार जास्त असलेल्यांत अधिक. रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात, 'गोळीने यकृत खराब केलं.' गोळी बंद होते. विषाणू मोकळा सुटतो आणि खरी हानी तेव्हा होते.

म्हणून आधीच ठरवून ठेवा: चौथ्या आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास एसजीपीटी आणि बिलिरुबिन करायचं. आकडा थोडा चढला आणि माणूस ठीक असेल तर गोळी चालू ठेवून तपासणी लवकर-लवकर करतात. आकडा वरच्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त गेला, किंवा आकडा कितीही असला तरी डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलट्या, अन्नावरची वासना उडालेली, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टीबीची औषधं, दारू, झाडपाल्याचे काढे, हिपॅटायटिस ए, सी, डी किंवा ई, दुसरं एखादं औषध, अशी बाकीची कारणं ते तपासतील. थांबवायचं झालं तर काय थांबवायचं हे ठरवताना हिपॅटायटिस बीची औषधं शक्यतो सगळ्यात शेवटी हलवतात.

पायरी ५: रोजची गोळी

ठरलेली वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवलं तर एकच घ्या, दोन नाही. संपायच्या आठवडाभर आधी पुढचा साठा हातात हवा.

डोल्युटेग्राविरचं एक पथ्य अनेकांना सांगितलंच जात नाही. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या अँटासिड गोळ्या त्याला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. लोह किंवा कॅल्शियम असेल तर जेवणासोबत दोन्ही एकदम चालतात. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाल्या अँटासिडला ही सवलत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर त्याचा डोस दिवसाला सहसा १००० मिग्रॅच्या वर नेत नाहीत.

टीबी झाला आणि त्यासाठीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. त्या काळात अलाफेनामाइडपेक्षा डिसोप्रॉक्सिल रूप पसंत करतात. टीबीच्या गोळ्यांमुळेही यकृताला सूज येऊ शकते, तेव्हा एसजीपीटीची तपासणी वाढवावी.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोजच्या रोज नको. टेनोफोविरसोबत मूत्रपिंडावरचा भार वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण यकृत खराब असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत. दारूबद्दल मी आडवळणाने लिहिणार नाही: बंद करा. जमत नसेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, त्यासाठीही उपचार आहेत.

पायरी ६: कोणती तपासणी कधी

एचआयव्हीचा व्हायरल लोड काही महिन्यांतच खाली येतो. हिपॅटायटिस बीचा लोड हळू उतरतो. सुरुवातीला तो फार चढलेला असेल तर 'डिटेक्ट होत नाही' पर्यंत पोचायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. उतरणीला असेल तर घाई नको. उतरलेला आकडा पुन्हा चढला तर पहिला प्रश्न औषधालाच दोष देण्याचा नाही. गोळ्या चुकल्या का हे रुग्णाला न रागावता विचारायचं.

एचबीव्ही डीएनए तीन ते सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा-दोनदा. एसजीपीटी आणि क्रिएटिनिनही साधारण त्याच अंतराने. एचबीएसएजी वर्षातून एकदा. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढतं. ते औषध क्रिएटिनिनची लघवीतली वाट थोडी अडवतं, मूत्रपिंडाला इजा करत नाही. पण आकडा वाढतच गेला, किंवा लघवीत प्रथिन अथवा मधुमेह नसताना साखर दिसली, तर टेनोफोविरकडे बोट जातं.

सिऱ्हॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास एएफपी या रक्ततपासणीसह. हिपॅटायटिस बीमध्ये सिऱ्हॉसिस नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून घरात कुणाला तो झालेला असेल, किंवा आशियाई वंशाचे पुरुष ४० च्या आणि स्त्रिया ५० च्या पुढे असतील, तर त्यांनीही ही तपासणी करत राहावी.

पायरी ७: गोळी बदलताना

चुका सगळ्यात जास्त होतात त्या इथे. गोळी बदलण्याची कारणं चांगलीच असतात: एचआयव्ही आटोक्यात आहे म्हणून दोनच औषधांची सुटसुटीत गोळी, महिन्या-दोन महिन्यांचं इंजेक्शन, किंवा मूत्रपिंडाला जपणं. पण डोल्युटेग्राविर-लॅमिवुडीनच्या दुहेरी गोळीत हिपॅटायटिस बीसाठी एकटं लॅमिवुडीन उरतं. कॅबोटेग्राविर-रिल्पिव्हिरीनच्या इंजेक्शनांत तर तेवढंही नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी हे दोन्ही पर्याय नाहीत, जोवर हिपॅटायटिस बीसाठी वेगळी औषधं सोबत चालू राहत नाहीत.

दुसरा सापळा एचआयव्हीचं औषध निकामी ठरतं तेव्हाचा. विषाणू टेनोफोविर किंवा लॅमिवुडीनला जुमानत नाही असा रिपोर्ट येतो आणि नव्या चिठ्ठीतून ती नावं गळतात. एचआयव्हीच्या दृष्टीने ते बरोबरच वाटतं. पण यकृतातल्या विषाणूवर टेनोफोविर अजूनही चालत असतं. अशा वेळी नव्या औषधांच्या जोडीला टेनोफोविर चालूच ठेवायचं, फक्त यकृतासाठी.

मूत्रपिंड बिघडलं तर डिसोप्रॉक्सिलचा डोस विरळ करता येतो, अलाफेनामाइडवर जाता येतं, आणि दोन्ही शक्य नसेल तर एन्टेकाविर वापरता येतं. पण एचआयव्हीची जोड त्या वेळी स्वतःच्या बळावर पूर्ण असली पाहिजे. लॅमिवुडीनला न जुमानणारा हिपॅटायटिस बी असेल तर एन्टेकाविरचा डोस ०.५ ऐवजी १ मिग्रॅ लागतो, रिकाम्या पोटी, आणि तरीही ते टेनोफोविरइतकं भरवशाचं नसतं.

नवी चिठ्ठी हातात आली की खिडकीवर जाण्याआधी तिच्यावर 'टेनोफोविर' हा शब्द बोट ठेवून शोधा. सापडला नाही तर इतकंच विचारा: 'डॉक्टर, मला हिपॅटायटिस बी पण आहे. त्याचं औषध यात आहे का?' हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, मी तो चेहऱ्यांवर पाहिला आहे. तरीही विचारा. ऑपरेशनसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी भरती झालात तर पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: 'हिपॅटायटिस बी आहे. टेनोफोविर बंद करू नये.' एचआयव्हीचं नाव त्यावर नसलं तरी चालेल.

औषध बंद करावंच लागलं तर पहिले काही महिने दर काही आठवड्यांनी एसजीपीटी आणि एचबीव्ही डीएनए तपासत राहावं. सिऱ्हॉसिस असलेल्याला अशी एक उसळीही जिवावर बेतू शकते.

गरोदरपण आणि घरची माणसं

टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्राविरची जोड गरोदरपणात चालते, आणि बाळाला दोन्ही विषाणूंपासून वाचवण्यासाठी ती हवीच. जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बीची लस, मिळत असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), आणि पुढचे डोस वेळेवर. या वयात लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत आजार कायमचा होतो, म्हणून तो पहिला दिवस हातचा जाऊ देऊ नका. बाळंतपणानंतर आईची गोळी तशीच चालू ठेवायची.

एचआयव्हीचा लोड दाबलेला राहिला तर तो शारीरिक संबंधांतून पसरत नाही. हा भरवसा हिपॅटायटिस बीला जसाच्या तसा लावू नका. जोडीदाराची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या. तोवर निरोध वापरा. हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो, तेव्हा वस्तरा, टूथब्रश, नेलकटर, साखर तपासायची सुई प्रत्येकाची वेगळी. एका ताटात जेवण्याने, मिठी मारण्याने, भांडी-कपडे एकत्र ठेवण्याने काही होत नाही.

एचआयव्ही आहे पण हिपॅटायटिस बी नाही, अशांनी लस घ्यायला विसरू नये. साध्या डोसने त्यांच्यात पुरेसं संरक्षण तयार होईलच असं नसतं, म्हणून बरेचदा दुप्पट डोस देतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करून ते १० च्या वर गेलं का ते पाहायचं.

एचबीएसएजी निगेटिव्ह आला तर

काही जणांत उपचार घेता घेता एचबीएसएजी निगेटिव्ह होतो आणि अँटी-एचबीएस तयार होतं. आनंदाचीच गोष्ट आहे ती. एचआयव्हीसाठी एआरटी तरीही चालू राहते, आणि टेनोफोविर काढायचं की नाही हे एकाच रिपोर्टवर ठरवायचं नसतं. साचा यकृतात शिल्लक असतो. पुढे कधी केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यायची वेळ आली तर विषाणू पुन्हा उठू शकतो, आणि हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांच्या उपचारातही ही सावधगिरी लागते. म्हणून जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट फाडून टाकू नका. नव्याच्या खाली, त्याच फाइलमध्ये टाचून ठेवा.